आखाजी ते दिवाळी: मॅमोग्राफीच्या रिपोर्टमधला ‘तीन’ आणि सहा महिन्यांनंतरची तारीख

प्रश्न असा आहे: आई ४८ वर्षांची, पारोळा तालुक्यातल्या गावी राहते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास शिबिरात तिची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, झाली. रिपोर्टवर ‘बायरॅड्स ०’ आलं, म्हणून जळगावला नेऊन जादा फोटो आणि सोनोग्राफी केली. आता दुसऱ्या रिपोर्टवर ‘बायरॅड्स ३, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी’ असं लिहिलंय. शून्याचे तीन झाले, म्हणजे आजार वाढला का? कॅन्सर नसेल तर परत कशाला बोलावतात, आणि असेल तर सहा महिने का थांबवतात? गावातले डॉक्टर म्हणतात, गाठ काढूनच टाका. मामा म्हणतात, सुई लावली की पसरतं. आई म्हणते, “माले काहीच व्हयेल नही. कापूस घरमा येऊ दे, मंग दखसूत.” मी पुण्यात नोकरीला आहे. काय करू?

ताई, ‘शून्याचे तीन झाले’ हे वाक्य मी बावीस वर्षं जळगावात ऐकते आहे. गुणपत्रिकेची सवय आपल्या हाडात मुरलेली असते. कागदावर आकडा दिसला की तो वाढला की घटला एवढंच आपण बघतो. बायरॅड्सचा आकडा आजार किती वाढला ते सांगत नाही. ती स्टेज वेगळी, आणि तिचा हिशेब कॅन्सर सिद्ध झाल्यावरच होतो. बायरॅड्स ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने बसवलेली रिपोर्ट लिहिण्याची पद्धत आहे. फोटो बघणाऱ्या डॉक्टरने पुढच्या डॉक्टरला धाडलेला तो निरोप असतो: आता या बाईचं काय करायचं आणि कधी करायचं.

त्यात शून्य म्हणजे ‘पेपर अजून तपासून झालेला नाही’. शून्य ही सगळ्यात खालची पायरी नव्हे, ते जिन्याच्या बाहेरच आहे. तेव्हा तुमच्या आईंचे शून्याचे तीन झालेले नाहीत. आधी निकाल लागला नव्हता, आता लागला.

शिबिरात शून्य का आलं असेल, तेही सांगते, कारण ‘मशीन खराब होतं’ किंवा ‘परत पैसे काढायचे होते’ अशा दोन्ही शंका माझ्यासमोर बोलून दाखवल्या जातात. तपासणीच्या मॅमोग्राफीत प्रत्येक बाजूचे दोन असे चार फोटो घेतात, एक वरून खाली दाबून आणि एक तिरका. स्तन सपाट दाबून फोटो काढल्यामुळे आतले थर एकावर एक येतात. उन्हाळ्यात आपण गच्चीवर कुरडया घालतो, त्यातली एखादी वरून बघा. जिथे चार धागे एकमेकांवर आलेत तिथे गोळा असल्यासारखं दिसतं. तो खरा गोळा आहे की नुसते धागे, हे त्या एका फोटोवरून सांगता येत नाही. मग तेवढाच भाग वेगळा दाबून फोटो घ्यायचा, सोनोग्राफी करायची, किंवा जुने फोटो असतील तर शेजारी ठेवून बघायचे. पहिल्यांदाच मॅमोग्राफी करणाऱ्या बाईला परत बोलावण्याचं प्रमाण जास्त असतं, कारण तिचे जुने फोटो नसतात. अमेरिकेत तपासणीला आलेल्या शंभरातल्या साधारण दहा जणींना परत बोलावतात आणि त्यांतल्या बहुतेकींना काहीच निघत नाही. परत बोलावणं म्हणजे कॅन्सर सापडणं, असं समजून कितीतरी घरांत त्या रात्री चूल पेटत नाही. ते टाळता येण्यासारखं आहे.

रिपोर्टवर ‘दाट स्तन’ किंवा ‘घनता सी’ असंही काही लिहिलं असेल. घनतेच्या चार पायऱ्या असतात, ए ते डी. ए म्हणजे बहुतेक चरबी, डी म्हणजे जवळजवळ सगळी ग्रंथींची आणि तंतूंची दाटी. चरबी फोटोत काळी दिसते. दाट भाग पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते. कापसाच्या ढिगात कापसाचं बोंड शोधायचं तर कसं होईल? सी किंवा डी असेल तर मॅमोग्राफीसोबत सोनोग्राफी करण्याला अर्थ आहे. पाळी चालू असलेल्या बायकांमध्ये दाटी जास्त आढळते आणि तो आजार नव्हे. हात लावून स्तन घट्ट की मऊ लागतो त्यावरून ही घनता कळत नाही, ती फोटोतच दिसते.

आता तुमच्या तीनबद्दल. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात ‘डावा, २ वाजता, बोंडापासून ३ सेंटीमीटर, ९ मिलिमीटर, लंबगोल, कडा स्पष्ट’ असं आहे. बोंड म्हणजे स्तनाग्र. ‘२ वाजता’ म्हणजे तपासणीची वेळ नव्हे. समोरून बघताना स्तनावर घड्याळ मांडलं आहे असं समजायचं. डाव्या स्तनाचे दोन म्हणजे वरचा, काखेकडचा भाग. हा पत्ता फार महत्त्वाचा. सहा महिन्यांनी दुसरे डॉक्टर बघतील तेव्हा त्यांनी नेमकी हीच गाठ मोजायला हवी, बाजूची दुसरी नव्हे. रिपोर्टमध्ये बाजू, घड्याळ, अंतर आणि मिलिमीटर यांतलं काही राहिलं असेल तर त्याच सेंटरला जाऊन लिहून मागा. मागायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

लंबगोल, कातडीला समांतर पसरलेली, कडा साफ असलेली गाठ बहुतेकदा फायब्रोअडिनोमा असते, साधी गाठ. ती फक्त ‘दिसायला साधी’ आहे, हातात घेऊन पाहिलेली नाही, म्हणून २ न देता ३ देतात. २ म्हणजे खात्रीने साधं. ३ म्हणजे कॅन्सर निघण्याची शक्यता शंभरात दोन किंवा त्याहूनही कमी. १ म्हणजे काहीच नाही.

एक खबरदारी मात्र सांगून ठेवते. नुसत्या शिबिरातल्या चार फोटोंवर, जादा फोटो किंवा सोनोग्राफी न करता थेट ३ लिहून आलं असेल, तर तो रिपोर्ट अर्धवट समजायचा. ३ हा पूर्ण तपासणी झाल्यावर द्यायचा निकाल आहे. तुमच्या आईंच्या बाबतीत क्रम बरोबर झालाय. तसंच, जुन्या फोटोत नसलेली गाठ नव्याने उगवली असेल तर तिला सहसा ३ देत नाहीत, पुढचीच तपासणी सुचवतात.

तुमचा खरा प्रश्न सहा महिन्यांचा आहे. ‘कॅन्सर नसेल तर कशाला, असेल तर थांबायचं कशाला?’ अगदी वकिली प्रश्न आहे, पण त्याला उत्तर आहे. सहा महिने थांबणं हीच एक तपासणी आहे. साधी गाठ सहा महिन्यांत आहे तेवढीच राहते, कधी लहान होते, कधी दिसेनाशी होते. वाईट गाठ बहुधा वाढते किंवा तिच्या कडा बदलतात. एका दिवसाच्या फोटोत स्वभाव कळत नाही, दोन तारखांमधल्या फरकात कळतो. महिन्याभरात बघितलं तर फरक मोजण्याइतका पडत नाही. दोन वर्षं थांबलं तर संधी हातची जाते. सहा महिन्यांत बदल दिसण्याइतका वेळ मिळतो, आणि शंभरातल्या त्या एक-दोन जणींमध्ये आजार निघालाच तरी तो बहुतेकदा लहान आणि लवकरच्या टप्प्यातच असतो.

हे एकदाच करून संपत नाही. सहा महिन्यांनी त्या बाजूची, एक वर्षाने दोन्ही बाजूंची, मग दोन वर्षांनी, असं साधारण वेळापत्रक असतं. दोन-तीन वर्षं गाठ जशीच्या तशी राहिली की ३ चे २ होतात आणि मग नेहमीची तपासणी. मधेच स्पष्ट वाढली, सहा महिन्यांत पाचव्या हिश्श्याहून जास्त, किंवा आकार बिघडला, तर बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं.

माझ्या अनुभवात खानदेशात पहिली तपासणी आता होते. शिबिरं होतात, आशाताई घरोघर फॉर्म भरून घेतात, सुना सासूला घेऊन येतात. गळती होते ती दुसऱ्या फेरीत. पहिल्या खेपेला भीती असते, म्हणून गाडी करून चार जण येतात. सहा महिन्यांत भीती विरलेली असते, दुखत तर नसतंच, आणि शेतात कापूस फुटलेला असतो.

यात चूक माझीही झालेली आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत चोपड्याकडची एक बाई आली होती, चाळिशीतली. रिपोर्ट ३ होता. तिचा चेहरा बघून मी म्हणाले, “काही नाही हो, घाबरू नका. सहा महिन्यांनी या.” तिने पहिलं वाक्य ऐकलं आणि तेच घरी नेलं. दोन वर्षांनी ती आली तेव्हा गाठ बाहेरूनच दिसत होती. म्हणाली, “तुम्हीच तर म्हटल्या होत्या, काही नाही.” तिचं बरोबर होतं. तेव्हापासून मी धीर नंतर देते, तारीख आधी सांगते, आणि ती सोबत आलेल्या माणसाच्या मोबाईलमध्ये माझ्यासमोर घालायला लावते.

आणि तारीख मी इंग्रजी महिन्यात सांगतही नाही. आखाजी आणि दिवाळी यांच्यात जवळपास सहा महिन्यांचं अंतर पडतं. अधिक महिना आला तर थोडं जास्त, एरवी थोडं कमी. आखाजीला लेकी माहेरी येतात, दिवाळीत भाऊबीजेला परत येतात. ‘आखाजीला झोका खेळायला आलीस तेव्हा बघितलं, भाऊबीजेला ओवाळायला येशील तेव्हा बघू’ एवढं सांगितलं की बाई विसरत नाही. तुमच्या आईंची तपासणी आखाजीची आहे, म्हणजे दिवाळी हीच त्यांची तारीख. तुम्हीही पुण्याहून तेव्हा येणारच असाल. भाऊबीजेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची वेळ आत्ताच फोन करून घेऊन ठेवा. सुट्टीत बरीच सेंटर बंद असतात, नंतर गर्दी उसळते.

कापसाचं काय? दोन-तीन आठवडे इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही. पहिली वेचणी आटोपून या, माझी हरकत नाही. पण ‘कापूस घरमा येऊ दे’ याचा अर्थ आपल्याकडे शेवटची फरदड वेचून पऱ्हाट्या उपटेपर्यंत असा होतो, आणि तोवर पुढची आखाजी दारात उभी राहते. एवढं चालणार नाही.

इथे एक मत मांडते, सगळे सहकारी सहमत होतील असं नाही. जी बाई दुसऱ्या फेरीला येणार नाही अशी माझी खात्री पटते, तिला मी ३ असतानाही सुईची बायोप्सी सुचवते. ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणारी बाई, अक्राणीच्या पाड्यावरून दोन वाहनं बदलून आलेली बाई, घरात विचारणारं कोणी नसलेली बाई. नेहमीचा सल्ला ‘सहा महिन्यांनी या’ हाच आहे. पण जी तारीख पाळली जाणार नाही ती देऊन मी काय साधलं? आई किंवा बहिणीला हा आजार झाला असेल, किंवा काळजीने झोपच उडाली असेल, तरी बायोप्सी हा रास्त पर्याय आहे. तुमच्या आईंसाठी मी सहा महिन्यांवरच राहीन, कारण तुम्ही विचारताय. विचारणारं माणूस घरात आहे.

गावातल्या डॉक्टरांनी ‘काढूनच टाका’ म्हटलं ते काळजीपोटी म्हटलं असेल. मी तसं करणार नाही. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींना नको असलेलं ऑपरेशन होतं, व्रण राहतो, आणि तो व्रण पुढच्या प्रत्येक फोटोत गोंधळ घालतो. उरलेल्या दोघींचं नुकसान तर त्याहून मोठं. कॅन्सर आहे हे माहीत नसताना गाठ काढली की ती काठांसकट पुरेशी निघतेच असं नाही, दुसरं ऑपरेशन करावं लागतं, आणि काखेतल्या गाठींचं नियोजन बिनसतं. आधी सुईने निदान, मग सर्जरी हाच क्रम. आणि काही कारणाने गाठ काढलीच, तर ती कधीही फेकू देऊ नका. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवून पॅथॉलॉजीला गेला पाहिजे. सलाइनमध्ये घालून, स्टीलच्या डब्यात ठेवून, एसटीने दुसऱ्या दिवशी आणलेले तुकडे मी पाहिले आहेत. त्यांतून नंतर हार्मोनच्या आणि हर-टू या प्रथिनाच्या चाचण्या नीट होत नाहीत, आणि कोणतं औषध द्यायचं हे त्या चाचण्यांवरच ठरतं.

मामांना सांगा, सुईच्या बायोप्सीने कॅन्सर पसरून बाईचं आयुष्य कमी होतं, असं आढळलेलं नाही. हा समज का टिकून आहे हे मला कळतं. पूर्वी बाई सुईपर्यंत पोचायची तीच मुळी चौथ्या टप्प्यात. सुई लावली आणि दोन महिन्यांत गेली, हे गावाने डोळ्यांनी पाहिलं. गावाने सुईला दोष दिला, उशिराला नाही. बायोप्सीत भूल देऊन तांदळाच्या दाण्यासारखे बारीक लांबट तुकडे काढतात. बाई त्याच दिवशी घरी जाते.

४ आलं असतं तर मी वेगळ्या आवाजात लिहिलं असतं. ४ म्हणजे संशय, आणि त्याची रुंदी फार मोठी आहे: ४ए मध्ये शंभरात दोन ते दहा, ४बी मध्ये दहा ते पन्नास, ४सी मध्ये पन्नास ते पंच्याण्णव. नुसतं ‘४’ लिहिलं असेल तर ए, बी की सी ते विचारा. ४ए ऐकून रडत आलेल्या बाईला मी सांगते की दहातल्या नऊ जणींची बायोप्सी साधी निघते. पण बायोप्सी तिन्हींत करायचीच, आणि दिवाळीपर्यंत न थांबता दोन-तीन आठवड्यांत. ५ म्हणजे पंच्याण्णवहून जास्त, तिथे वाट बघणं नाही. ६ फक्त आधीच सिद्ध झालेल्या कॅन्सरला देतात.

‘कॅल्सिफिकेशन’ या शब्दाने उगाच घाबरणारेही बरेच. ते कॅल्शियमचे कण असतात, आणि त्यांचा तुम्ही खाल्लेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांशी काही संबंध नाही, गोळ्या बंद करू नका. मोठे, लाहीसारखे फुललेले कण जुन्या फायब्रोअडिनोमात दिसतात, रक्तवाहिनीच्या कडेने रुळासारखे दिसतात, दोन्ही साधे. बारीक, वेडेवाकडे, एका ठिकाणी दाटलेले किंवा फांदीसारख्या ओळीत असलेले कण मात्र संशयाचे. हे कण अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असू शकतात. म्हणूनच फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून मोबाईलवर फोटो काढून मला पाठवू नका. रोज दहा येतात. त्यात मला ट्यूबलाइट दिसते, कण दिसत नाहीत.

फिल्मवरून आठवलं. दुसऱ्या फेरीला जुनी फिल्म, दोन्ही रिपोर्ट आणि शक्यतो सीडी घेऊन यायचं. जुन्या फोटोशिवाय दुसरी फेरी म्हणजे पुन्हा पहिलीच फेरी. आणि हल्लीच्या फिल्म उष्णतेवर छापलेल्या असतात. पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, कपाटावर किंवा गाडीच्या डिकीत ठेवल्या की काळ्या पडतात. धान्याच्या कोठीमागे, थंड भिंतीला लागून, कागदी पाकिटात ठेवा. शक्य असेल तर त्याच सेंटरला जा. नाही जमलं तर जिथे जाल तिथे जुने फोटो तंत्रज्ञाच्या हातात आधी द्या, शेवटी नाही.

पाळी चालू असेल तर ती सुरू झाल्यापासून सातव्या ते चौदाव्या दिवसात तपासणी करा, तेव्हा स्तन कमी दुखतो. त्या दिवशी काखेत, छातीवर पावडर किंवा डिओ लावायचा नाही, त्यातले कण फोटोत कॅल्शियमसारखे दिसतात. आपल्याकडे उन्हाळ्यात घामोळ्याची पावडर थापून येतात आणि मग आम्ही अर्धा तास पुसत बसतो. साडी-ब्लाउज सगळ्यात सोयीचं. मंगळसूत्र काढावं लागतं. यावर मी कधी वाद घालत नाही. सोबतच्या बाईच्या हातात द्यायला सांगते, बहुतेकदा सासूच पुढे होऊन हात पसरते. एका आजीने सुनेचं मंगळसूत्र तपासणी होईस्तोवर स्वतःच्या गळ्यात घालून ठेवलं होतं. तंत्रज्ञ बाई आहे का, हे वेळ घेतानाच विचारून घ्या. आई येण्या-न-येण्याचं ते मोठं कारण असतं आणि त्या ते तुम्हाला सांगणार नाहीत.

दाबल्यामुळे गाठ फुटते का? नाही. काही सेकंद दाब असतो, कुणाला जोरात दुखतं, कुणाला काहीच नाही. क्ष-किरणांची मात्रा? चार फोटोंना मिळून सुमारे ०.४ मिलिसिव्हर्ट. माती, हवा, आकाश यांतून एरवीही आपल्याला मिळत असतं ते, साधारण दोन महिन्यांत तेवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी रिपोर्टवर नसते. मधल्या सहा महिन्यांत काही बदल जाणवला तर तारखेची वाट बघायची नाही. गाठ हाताला मोठी लागली, काखेत गोळा आला, कातडी आत ओढली गेली किंवा मोसंबीच्या सालीसारखी झाली, बोंड नव्याने आत गेलं, त्यावर न भरणारी खपली धरली, दाबलं नसताना एका बाजूने रक्ताळ पाणी आलं, तर त्याच आठवड्यात या. मॅमोग्राफी सगळं पकडत नाही. दाट स्तनात तर बरंच निसटतं. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, पण गाठ हाताला लागते’ अशा वेळी मी रिपोर्टवर नाही, हातावर विश्वास ठेवते. आणि न दुखणं हा काही दाखला नव्हे. “हाई गाठ दुखत नही, मंग कसाले दखाडू?” असं आजही विचारतात. सुरुवातीची वाईट गाठ बहुधा दुखतच नाही. पाळीआधी दोन्ही बाजूंना ठणकतं त्यात सहसा काही नसतं.

तुमच्याबद्दलही, विचारलं नाहीत तरी. आईंची गाठ साधी निघाली तर तुमचा धोका त्यामुळे वाढत नाही. घरात कुणाला कमी वयात कॅन्सर झाला असेल, तर त्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून, पण तिशीच्या आधी नाही, तपासणी सुरू करतात. बाकीच्यांनी कधी करायची यावर देशोदेशी एकमत नाही. अमेरिकेत ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी सांगतात, ब्रिटनमध्ये पन्नाशीनंतर दर तीन वर्षांनी बोलावतात. आपल्या सरकारी कार्यक्रमात मॅमोग्राफी नाही, ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी प्रशिक्षित हातांनी स्तनतपासणी आहे. ती कमी प्रतीची समजू नका. मुंबईत टाटा मेमोरियलने दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी आढळले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र तसा फरक दिसला नाही. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो, म्हणून मी चाळिशीनंतर दोन वर्षांनी मॅमोग्राफी सांगते, ज्यांना परवडतं आणि जमतं त्यांना.

खर्चाचं थोडक्यात. पुढे उपचार लागलेच तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कॅन्सरची सर्जरी, केमो, रेडिएशन येतं, योजनेतल्या रुग्णालयात. आयुष्मान कार्ड आणि रेशनकार्डावरची नावं आत्ताच जुळवून ठेवा. ऐनवेळी ‘सुमनबाई’ आणि ‘सुमन’ यांत आठवडा जातो. उपचारासाठी आपल्याकडचे लोक चाळीसगाव, जळगाव, भुसावळवरून रात्रीची गाडी धरून मुंबईला जातात आणि नंदुरबारकडचे सुरतला. ते तुमच्या आईंना लागेल असं मला आज वाटत नाही.

आणि आईंनी विचारायला सांगितलेलं शेवटचं: गाठ असताना वांगं खाल्लं तर चालतं का? चालतं. वांग्याने गाठ वाढत नाही, तिखटानेही नाही. दिवाळीनंतर तपासणीला याल तेव्हा बामणोदची भरिताची वांगी बाजारात आलेली असतील. येताना रिपोर्टची पिशवी विसरू नका, जाताना वांगी घेऊन जा.